मापातला शब्द

दाजी,

तुमच्या दशक्रियेच्या फ्लेक्सवरचा मजकूर मी लिहिला. दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळण्याआधी मीच सांगून टाकतो. त्यात तुम्हाला 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व' म्हटले आहे. तुमची उंची पाच फूट चार इंच होती आणि तुम्ही ती कधी कौतुकानेही पाच फूट पाच सांगितली नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या थोरल्या भावाचा, बापूंचा, गावाहून फोन आला होता. "विलासराव, तुमी लिहिनारी मान्सं. जरा जोरात टाका. आमच्या भावावानी मानूस पंचक्रोशीत नाय झाला." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटत होता. अशा माणसाला मी काय सांगणार होतो? की बापू, तुमच्या भावाला हे चालणार नाही, आपण नुसते 'डीसेंट' लिहू या?

तुमच्यासाठी शोक करायला बसलो की मला चीड येते. हे काही बरे लक्षण नव्हे, आणि छप्पन्नाव्या वर्षी मला ते शोभतही नाही. पण तुमच्याविषयी एखादे चांगले वाक्य मनात जुळू लागले की तुमचा आवाज कानाशी येतो, "विलास, हे तू मोजून पाहिलंस का?" आणि ते वाक्य तिथेच मोडते. माणूस जातो तेव्हा मागे राहिलेल्यांना निदान शब्द तरी सोडून जातो. तुम्ही तेही काढून घेतलेत.

ओझरच्या विमान कारखान्यात सारी नोकरी तपासणीच्या टेबलाशी काढलेल्या माणसाला मोठ्या शब्दांचा तिटकारा असावा, हे मी समजू शकतो. तुम्हीच सांगितले होते, "रिव्हेटचं भोक एक्सलंट नसतं रे. ते मापात असतं, नाहीतर नसतं." मान्य. पण तो न्याय तुम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर, घरात, ताटात, लग्नकार्यात आणलात. जगात जे काही सामान्य, रोजचे, फार चांगले नाही आणि वाईटही नाही असे आहे, त्यासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत याचा तुम्हाला केवढा आनंद! पासेबल म्हणजे तक्रार न करता गिळता येते ते. फेअर म्हणजे पुन्हा समोर आले तर नाही म्हणणार नाही ते. डीसेंट म्हणजे पाहुण्यांपुढे ठेवता येते ते. आणि ऑर्डिनरी म्हणजे रोजचे. इतके रोजचे, की त्याच्याकडे कुणी बघत नाही. अंबडच्या टपरीवरचा चहा पासेबल. दातांचे डॉक्टर फेअर. या शहरात मिसळीवरून माणसे हमरीतुमरीवर येतात, आणि तुम्ही गल्ल्यावरच्या मालकाने "काका, कशी वाटली?" असे विचारल्यावर शांतपणे "टॉलरेबल" म्हणून बाहेर पडलात. तो बिचारा मागून ओरडला, "थँक्यू काका, परत या!" मी लाजून चूर. तुम्ही मात्र स्कूटरला किल्ली लावत म्हणालात, "येऊ की. टॉलरेबल आहे म्हटलं ना."

पहिल्या दिवाळसणाला तुम्ही आमच्याकडे आलात, तो दिवस आठवतो का? मी कॉलेजात होतो. आईने पहाटेपासून पुरण वाटले होते. जेवण अर्ध्यावर आल्यावर तिने पदर सावरत दारातून विचारले, "जावईबापू, पुरणपोळी जमलीय का?" तुम्ही घास पूर्ण चावलात, गिळलात आणि म्हणालात, "नॉर्मल."

आईने मला खुणेने आत बोलावले. "नॉर्मल म्हणजे रे काय?"

"ताप नसला की डॉक्टर म्हणतात ना, नॉर्मल. तसं."

"म्हणजे माझ्या पोळीला ताप नाही!" आई मटकन पाटावर बसली. नव्या नवरीच्या साडीत ताक घुसळत असलेली सुमनताई मान वर न करता म्हणाली, "आई, शब्द ऐकू नकोस. ताट बघ." बाहेर तुम्ही आणखी एक पोळी वाढून घेत होतात.

हे ताईने पहिल्याच वर्षी ओळखले होते. मला ते कधी जमले नाही, कारण माझे पोटच शब्दांवर. बिल्डरांची माहितीपत्रके लिहिण्याचा माझा व्यवसाय तुम्हाला फार करमणुकीचा वाटे. गंगापूर रोडच्या ज्या इमारतीत पुढे तुम्ही घर घेतलेत, तिचे माहितीपत्रक माझेच. ते हातात धरून तुम्ही मला अर्धवट बांधलेल्या जिन्याने चौथ्या मजल्यावर नेलेत आणि एकेक विशेषण तपासत चाललात. लॅव्हिश म्हणजे नेमके किती चौरस फूट? वर्ल्ड-क्लास म्हणजे कुठल्या देशातला वर्ग? शेवटी गॅलरीत उभे राहून विचारलेत, "आणि पॅनोरमिक रिव्हर व्ह्यू कुठाय रे?"

समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून साडीच्या काठाएवढी गोदावरी दिसत होती. मी बोटाने दाखवली.

"दिसते खरी," तुम्ही म्हणालात. "मग 'रिव्हर व्हिजिबल' असं लिही."

"असं लिहिलं तर फ्लॅट कोण घेईल, दाजी?"

"मी घेतो."

आणि घेतलात! मी त्यावर दोन दिवस धुमसत होतो. माझ्या साऱ्या विशेषणांनी जे केले नसते ते तुम्ही त्या दोन रुक्ष शब्दांवर केलेत. मला हरवायला घर घेतलेत की काय, असा क्षुद्र विचारही माझ्या मनात येऊन गेला. ताई नंतर म्हणाली की तिला नदी दिसणारे घर हवे होते आणि ते तिने तुम्हाला एकदाच, लग्नानंतर लगेच, सांगितले होते. तुम्ही मला यातले अवाक्षर बोलला नव्हता. दाजी, हे काय वागणे झाले?

या शब्दांचे प्रेम इंग्रजीतलेच का, असे मी तुम्हाला एकदा विचारले होते. गावातल्या मराठी शाळेत शिकलेले तुम्ही. इंग्रजी शिकलात ते कारखान्यातल्या तपासणीच्या पुस्तकांतून. तुमचे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "मराठीत 'बरा आहे' म्हटलं की समोरचा विचारतो, का, काय झालं? 'साधा' म्हटलं की दया येते. 'सामान्य' म्हटलं की भांडण होतं. इंग्रजी शब्दाला नातेवाईक नसतात, विलास. तो आपलं काम करून घरी जातो."

त्या वेळी मी हसलो. घरी आल्यावर मात्र मला राग आला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. ज्या भाषेत नातेवाईक नाहीत त्या भाषेत तुम्ही नातेवाइकांविषयीच का बोलत होतात? माझा आक्षेप तुमच्या अचूकपणावर कधीच नव्हता. आक्षेप होता तो तुम्ही त्या अचूकपणाच्या आड उभे राहत होतात, यावर.

केतकीच्या लग्नात आपले याच मुद्द्यावर वाजले. तुमची एकुलती एक लेक शालू नेसून, मुंडावळ्या बांधून तुमच्यासमोर आली आणि तिने विचारले, "बाबा, कशी दिसते मी?" तुम्ही चष्मा नीट केलात. डोक्यापासून पायापर्यंत आणि पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलेत. मग म्हणालात, "इन ऑर्डर."

सगळे हसले. केतकीही हसली. मग वधूपक्षाच्या खोलीत जाऊन तिने काजळ पुन्हा लावून घेतले, कारण आधीचे उतरले होते. मी तुम्हाला कार्यालयाच्या मागे, आचाऱ्यांची पातेली मांडली होती तिथे गाठले.

"दाजी, इन ऑर्डर? मुलगी आहे ती. तपासायला आलेला विमानाचा पंख नाही."

"पंखाला इन ऑर्डर म्हणायला मला अख्खी शिफ्ट लागायची."

"हिला तर तुम्हाला एक मिनिट लागलं."

"हिला मी सव्वीस वर्षं बघतोय."

"मग हे तिला सांगा ना!"

"तिला कळतं."

"नाही कळत, दाजी. मी आत्ता आत जाऊन पाहून आलोय."

तुमचा चेहरा त्या क्षणी जरा हलला. तुम्ही काही बोलणार होता. तेवढ्यात आचाऱ्याने आपल्या दोघांच्या मधून भाताचे पातेले नेले, आणि पाठोपाठ भटजींनी "मुलीच्या वडिलांना बोलवा" असा पुकारा केला. वाद तिथेच राहिला. पुढे इतक्या वर्षांत तो तुम्ही काढला नाहीत आणि मीही काढला नाही. मला अजूनही वाटते की त्या दिवशी माझे बरोबर होते. तुम्ही गेलात म्हणून मी माझे म्हणणे मागे घेणार नाही. मृत माणसाशी वाद जिंकण्यात काही अर्थ नसतो; पण हरून घेण्यातही नसतो.

तुमच्या शेवटच्या आजारात, त्या दुपारी दवाखान्यात मी तुम्हाला जे विचारले, त्याबद्दल मात्र क्षमा मागायची आहे. ते विचारायला नको होते असे मला वाटत नाही. पण त्या अवस्थेत विचारायला नको होते. तुमचा आवाज तेव्हा दोऱ्यासारखा झाला होता. ताई थर्मासमध्ये गरम पाणी भरून आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितले होते की आता फार दिवसांची गोष्ट नाही. तुम्हाला ते कुणी सांगितले नव्हते; पण आयुष्यभर दोष शोधलेल्या माणसापासून ते कसे लपणार!

"दाजी, एक मागू?" मी म्हणालो. "ताईसाठी एक शब्द द्या. चांगला शब्द. इंग्रजी चालेल. लहान चालेल. तिने आजवर तुमच्याकडे मागितला नाही, म्हणून मी मागतोय."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटले, झोप लागली. मग ओठ हलले.

"घाई करू नकोस. चुकीचा बसला तर काढता येत नाही."

"दाजी, मी—"

"विचार करून सांगतो."

एवढ्यात ताई दारात आली आणि आपण दोघेही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. नंतर तुम्ही बोलला नाहीत. आणखी चार दिवस होतात, पण बोलला नाहीत.

दाजी, मरणाच्या दारात उभे राहून कुणी 'विचार करून सांगतो' म्हणते का? मी तुमच्याकडे एक शब्द मागत होतो, तपासणीचा अहवाल नव्हे.

दशक्रियेला गावी मोठा मांडव होता. तुम्हाला माइकचा किती राग. तो मांडवात मध्यभागी होता. विधी उरकले, प्रवचन झाले, मग श्रद्धांजलीची भाषणे सुरू झाली. ज्यांनी तुम्हाला फार तर दोनदा पाहिले असेल अशा एका पुढाऱ्याने तुम्हाला सिंह केले. दुसऱ्याने दीपस्तंभ केले. तिसऱ्याने फ्लेक्सवरचा माझाच मजकूर वाचून दाखवला, आणि माझीच वाक्ये माझ्या कानांवर येऊन आदळत असताना मला मान वर करवेना. मग माझे नाव पुकारले गेले.

मी ठरवले होते की निदान मी तरी तुमच्या मापाने बोलेन. मी म्हणालो, दाजी वेळेवर येत. उसनी आणलेली वस्तू परत करत. कुणावर ओरडत नसत. पुढ्यात आलेले जेवत. जे म्हणत, ते पाहून म्हणत. एवढे बोलून मी माइक खाली ठेवला. मांडवात कुणीतरी खोकले. मला वाटले, जमले. तुम्हाला हे चालले असते.

मांडवाबाहेर बापू उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, डोळे लाल. "विलासराव," ते म्हणाले, "लय कमी बोलले तुमी."

"बापू, दाजींना जास्त आवडलं नसतं."

"त्याला काय आवडायचं ते मला नका सांगू. तो गेला. आता आयकनारे आमी हे." त्यांनी मांडवाकडे बोट केले. "एवडा मोठा मानूस गेला, माझा भाऊ, अन् सख्ख्या मेव्हण्यानं सांगितलं काय, तर वस्तू परत करायचा."

मी त्यांचे हात धरले. त्यांच्या या बोलण्याचाही मला तुमच्यावरच राग आला. मोठा शब्द वापरावा तर तुमच्याशी खोटे. तुमचा शब्द वापरावा तर ज्यांचे काळीज फाटले आहे त्यांच्याशी कृपणपणा. आयुष्यभर तुम्ही पहिल्या अर्ध्याची काळजी घेतलीत, दाजी. दुसरा अर्धा नेहमी आमच्याकडे सोपवलात, विशेषतः ताईकडे. तुमच्या 'फेअर'नंतर पाहुण्यांना आणखी एक वाटी वाढून हसत बोलायचे काम तिचे होते.

आणि ती ताई या दिवसांत रडली नाही. बायका आपसांत कुजबुजत होत्या. केतकी मला म्हणाली, "मामा, आईचं काहीतरी बघ. ती सगळ्यांना चहाच विचारतेय." मी बघत होतो. पण ती मला टाळत होती, की मी तिला, हे मला नक्की सांगता येणार नाही.

काल दुपारी सगळे पाहुणे पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. तुमच्या गॅलरीत. तिने पदराने हात पुसले.

"दवाखान्यात तू यांना काय विचारत होतास?"

"कधी?"

"वेड पांघरू नकोस. मी थर्मास घेऊन आले आणि दोघेही मुके झालात. माझ्याबद्दल होतं ना?"

"हो."

"मग? काय म्हणाले?"

ती माझ्याकडे पाहत होती. साठी उलटलेल्या माझ्या बहिणीचा चेहरा दहावीच्या निकालाच्या वेळी होता तसा झाला होता. दाजी, शब्दांची मला काय वाण होती? अनमोल, अतुल्य, अद्वितीय. मी हे घाऊक वापरतो. त्यातला एक तिच्या ओटीत घातला असता तर कुणाचे काय बिघडले असते? तुम्ही येऊन थोडेच तपासणार होतात!

"म्हणाले," मी सुरुवात केली, "सुमनसारखी बाई मला—"

"थांब." तिने हात वर केला. "इथून पुढचं तुझं आहे. त्यांचं सांग."

मी खाली पाहिले. "विचार करून सांगतो, असं म्हणाले."

ती उठली आणि आत तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. कधी तुमच्यासमोर आवाज न चढवलेली ताई. "अहो, अडतीस वर्षं कमी पडली होय विचार करायला? काय मागितलं होतं तुमच्याकडे? दागिना मागितला होता? अरे, एखादा शब्द बोलून जायला काय हरकत होती या माणसाला! वाईट म्हणाला असता तरी मी ठेवून घेतला असता!" आणि ती रडली, दाजी. खाली बसून, कपाळ गुडघ्यांवर टेकून, तुम्हाला नावे ठेवत रडली. केतकी धावत आली. मी तिला खुणेने दारातच थांबवले.

बऱ्याच वेळाने ताईने तोंड पुसले.

"हे तू कधी विचारलंस म्हणालास?"

"मास्क लागायच्या आदल्या दिवशी."

ती फोटोकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मास्क लागल्यावर सारखे माझ्याकडे बघायचे रे. मी काही काम करत असले तरी बघायचे. मी वळून बघितलं तरी नजर काढायचे नाहीत. मला वाटायचं, तहान लागली असेल. पाणी देऊ का, विचारलं की जरा थांबायचे. मग होकाराची मान हलवायचे. मी मास्क बाजूला करून चमच्याने पाणी घालायचे." तिने चमचा धरल्यासारखी बोटे जुळवली. "ते विचार करत होते, आणि चार दिवस मी पाणीच देत राहिले, विलास."

"नको म्हणाले नाहीत ना?"

"एकदाही नाही," ताई म्हणाली. "दर वेळी प्यायले."